कोनाडा नसलेलं घर
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तीसेक वर्षं मी लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यापासून मात्र एक नवंच काम मागे लागलं आहे. ओळखीचे लोक घरी बोलावतात, चहा देतात, आणि चहा अर्धा झाला की हळूच विचारतात, "मॅडम, थोडक्या पैशात घर जरा बरं दिसावं, तर काय करावं?" कुणाकडे दिवाळीला जावई येणार असतो, कुणाकडे मुलगी पाहायला पाहुणे येणार असतात. बहुतेकांनी काही तरी आधीच ठरवलेलं असतं. कुणाला पीओपीचं छत हवं असतं, कुणाला भिंतीवर विटांचं चित्र असलेला चिकटकागद. मला फक्त 'हो' म्हणायला बोलावलेलं असतं.

मी 'हो' म्हणत नाही, म्हणून दुसऱ्यांदा बोलावणं सहसा येत नाही! पण मी वर बघते, ते केवळ दिसण्यासाठी बघत नाही. डोक्यावर काय आहे, हे आधी बघायची सवय मला १९९३ साली लागली.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. घर माळवदाचं होतं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांवर सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत शिरलं की विहिरीत उतरल्यासारखा गारवा. भिंतीत कोनाडे. एकात देव, एकात दिवा, एकात आजीची पानाची चंची. पावसाळ्याच्या तोंडावर दर वर्षी माळवदावर नवी माती पडायची. गळायला नको, म्हणून. जुनी माती मात्र कुणी उतरवत नसे. वर्षामागून वर्षं डोक्यावरचं ओझं वाढत होतं आणि आम्ही त्याच्याखाली सुखाने झोपत होतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही नावं त्या दिवसापासून जगाला ठाऊक झाली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप सुमारे ६.२ रिश्टरचा. जगात याहून मोठे भूकंप कितीतरी झाले आहेत. इतकी माणसं गेली ती घरांमुळे. दगडी भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर होते, मधे गोटे आणि माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हता. भिंती फुटल्या आणि वरची माती खाली आली. माझे आईवडील विसर्जनाहून उशिरा येऊन अंगणातच आडवे झाले होते, म्हणून वाचले. आजी आत होती.

पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. आमचं त्यांतलंच एक. जमीन किती, त्यावर अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांचं घर. आम्हाला चारशेचं मिळालं. सरळ रस्ते, सरळ ओळी, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या सरळ भिंती, वर स्लॅब. घर भक्कम होतं, त्याबद्दल आजही तक्रार नाही. पण त्याला ओसरी नव्हती आणि कोनाडा नव्हता. देव कुठे ठेवायचे, हा माझ्या आईपुढचा पहिला प्रश्न होता. त्याहून मोठा प्रश्न असा, की ती भिंतीला काही लावूच देईना. खिळा नाही, फळी नाही, साधं कॅलेंडर नाही. "भितीला काई लावू नको माय, पडंल," एवढंच म्हणायची. पुष्कळ वर्षं ते घर पहिल्या दिवशी होतं तसंच करडं राहिलं. देव जमिनीवर पाटावर. पाहुणे येत, बसत, चहा घेऊन उठत. घर म्हणून तिथे कुणी रेंगाळत नसे. आईसुद्धा बाहेर पत्र्याच्या सपरातच दिवस काढी.

शेवटी एका नवरात्राच्या आधी मी गेले तर आई भिंतीसमोर बसलेली. हातात गेरूची वाटी. तिने त्या सपाट भिंतीवर कोनाडा काढला होता! खाली चौकोन, वर कमान, कमानीला पिवडीची नक्षी, आतला भाग निळीचा. जुन्या घरात देवांचा होता, तेवढाच. रेषा थोडी वाकडी होती. मी चित्रकलेची मास्तरीण, पण ती नीट करायला माझा हात धजला नाही. पाट उचलून तिने त्या काढलेल्या कोनाड्याखाली नेला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते घर आमचं वाटलं. खर्च तीस-चाळीस रुपये असेल.

घर सजवण्याबद्दल मला जे काही कळतं, ते त्या भिंतीपासून सुरू होतं. आईने भिंत फोडून खरा कोनाडा केला नाही, हे तिचं शहाणपण. ठोकळ्यांच्या किंवा विटांच्या ज्या भिंतीवर स्लॅब उभा आहे, ती कोनाड्यासाठी, टीव्हीसाठी, कपाटासाठी कोरायची नसते. कॉलम आणि बीम यांना तर हातही लावायचा नाही. हौसेने भिंती पाडून हॉल मोठा करणारे लोक मी लातुरात पाहिले आहेत. इंजिनिअरला विचारलंत का, म्हटलं की हसतात.

आता हाताने करायच्या कामांकडे येते.

पहिलं काम सफेदीचं. चुना हल्ली गरिबाचा समजला जातो. डिस्टेंपर आला, प्लॅस्टिक पेंट आला, चुना मागे पडला. पण चुन्याच्या भिंतीवर उजेड जसा मऊ पसरतो, तसा कुठल्याच डब्यातल्या रंगावर पसरत नाही. कळीचा चुना आणा. लोखंडी पिंपात किंवा मोठ्या मडक्यात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळतो, उडतो. प्लॅस्टिकची बादली वितळते आणि डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. मुलांना लांब ठेवा, चष्मा लावा. दोन दिवस भिजू द्या, फडक्यातून गाळा, दुधासारखा पातळ करा. मूठभर मीठ आणि भिजवलेला डिंक घाला. भिंतीवर आधी पाणी मारा आणि मग कुंच्याने पातळ हात द्या. ओला असताना काहीच दिसत नाही, भिंत तशीच राहिली असं वाटतं. इथे घाई करून जाड थर देणारे फसतात, कारण जाड थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. म्हणजे तो भिंतीवर नुसता बसत नाही, भिंतीचाच होतो. दोन-तीन पातळ हात पुरतात. एक अट आहे. भिंतीवर आधी ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट असेल तर चुना धरत नाही. तो खरवडून काढायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

रंग हवा तर गेरू, पिवडी, काव किंवा नीळ. दहा वाट्या चुन्याच्या दुधाला एक वाटीहून कमी. चारही भिंती रंगवू नका. एकच भिंत पिवडीची करा, दारातून आत येताना समोर दिसते ती. बाकीच्या पांढऱ्या. लातूरच्या गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथे पायी फिरून हे सामान घ्यायला मला अजून आवडतं. नांदेडचे लोक वजिराबादेत जातील. हार्डवेअरच्या चकचकीत दुकानात पिवडी मागितली तर मुलगा तोंडाकडे बघतो. पूजेचं आणि किराणा सामान विकणाऱ्या जुन्या दुकानात विचारा.

उरलेला चुना फेकू नका. तो स्लॅबवर न्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि करडा स्लॅब दिवसभर ऊन पिऊन रात्रभर खोलीत सोडतो. पांढरा स्लॅब तेच ऊन परत पाठवतो. खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. तो पंख्याखाली झोपणाऱ्याला कळतो, थर्मामीटर लागत नाही. गुढीपाडव्याच्या आधी, संध्याकाळी, स्लॅब झाडून, भेगा सिमेंटने भरून, दोन हात द्या. पावसाने तो धुपतो, म्हणून दर वर्षी करावा लागतो. गच्चीवरचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिले दोन पाऊस वाहून जाऊ द्या. पीओपीच्या छताच्या निम्म्या खर्चात दहा उन्हाळे निघतील. शिवाय डोक्यावर काही टांगलेलं नसेल.

दुसरं काम लाकडाचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

घर पडल्यावर वडिलांनी ढिगाऱ्यातून एकच गोष्ट ओढून काढली होती, पुढचं दार. सागवानी, जाड, पितळी फुलं ठोकलेलं. नव्या घराला ते बसणारं नव्हतं. अनेकांनी अशी लाकडं तेव्हा विकून टाकली. वडिलांनी विकलं नाही आणि वापरलंही नाही. सपरामागे, पत्र्याखाली ते पडून होतं. वडील गेल्यावर मी आईला म्हटलं, याचं काही तरी करू. ती गप्प राहिली. पुढच्या खेपेला म्हणाली, "उभं नको करू. आडवं कर." तिचं म्हणणं मला लगेच कळलं. उभी जड वस्तू तिला आजही घरात चालत नाही.

दारावर ऑइल पेंटचे चार-पाच थर होते, हिरव्यावर निळा, निळ्यावर चॉकलेटी. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्यामुळे जुना रंग कोरडा घासायचा नाही. धूळ उडते, ती मुलांच्या पोटात जाते. ओला करून, तोंडाला रुमाल बांधून, घराबाहेर घासायचा आणि निघालेला चिखल कागदात गोळा करून टाकायचा. मी चार रविवार घासत होते. आधी खरबरीत पॉलिश पेपर, मग बारीक. आतून सागाचे रेषे दिसायला लागले तेव्हा आई बाज ओढून शेजारी येऊन बसली. कुठली खाच कशाची, ते सांगायला लागली. ही कडीची. ही बैलाच्या शिंगाची. ही तुझ्या आत्याच्या लग्नात मांडवाचा वासा लागला ती. मी घासत राहिले. त्या खाचा भरल्या नाहीत.

पूर्ण वाळल्यावर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मंनिम्मं करून फडक्याने चोळलं. अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून काढलं. दोन दिवसांनी पुन्हा. जवस आपल्या भागातलंच पीक, त्याचं तेल हवेत वाळतं आणि लाकडात मुरून बसतं. एक मात्र नक्की लक्षात ठेवा. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटूसुद्धा शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. मग विटांचे तीन ठेंगणे ओटे रचले आणि त्यांवर दार आडवं ठेवलं. झालं बाकडं. माझा खर्च सातशे रुपयांच्या आत होता. गावातली माणसं ते बघायला येतात आणि त्याच्यावरच बसतात.

तुमच्याकडे वाड्याचं दार नसेल. पण जुनी खिडकी, मोडकी बाज, फळीचा पाट काही तरी असतंच. फेकण्याआधी एक कोपरा घासून बघा.

नांदेडचं सांगायचं तर माझ्या नणंदेचं घर तिथे आहे. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते रुंद झाले, तेव्हा त्यांच्या घराचा पुढचा भाग गेला. उरली सात फूट रुंदीची एक खोली, तीच बैठक. वन्स फार नाराज. सोफा ठेवला तर माणसाला जायला जागा नाही, दिवसाही अंधार. आम्ही सोफा काढून टाकला. सगळा. लांबट भिंतीला टेकून ठेंगणं बाकडं, त्यावर त्यांच्या सासूच्या लुगड्यांची गोधडी. समोरच्या भिंतीवर दाराचा उजेड पकडेल असा आरसा. छताची पांढरीफटक ट्यूब बंद, आणि कोपऱ्यात, बसल्यावर खांद्याशी येईल इतक्या उंचीवर पिवळसर उजेडाचा नऊ वॉटचा एलईडी बल्ब. वरून पडणारा उजेड माणसांचे चेहरे आजारी दाखवतो. बाजूने आलेला त्यांना बरं करतो. खर्च म्हणावा तर आरसा, बल्ब आणि वायरमनची मजुरी. विजेचं जोडकाम स्वतः करू नका, तेवढे पैसे वाचवायचे नसतात.

गोधडीबद्दल एक शब्द. आपल्या घराघरांत ट्रंकेत वाकळी आहेत, आजीच्या, पणजीच्या, इरकलीच्या तुकड्यांच्या. पाहुणे येणार म्हटलं की आपण त्या लपवतो आणि यंत्रावरची चादर अंथरतो. उलट करा. धुऊन, उन्हात तापवून, उसवलेले टाके घालून ती बाहेर काढा. किनवटकडच्या तांड्यांवर लमाणी बायकांनी आरसे आणि कवड्या लावून केलेलं भरतकाम मिळतं, ते योग्य दाम देऊन घ्या. उशीचा एक अभ्रा पुरे. पण कुणाचा जुना फेटिया कापून पडदा करू नका. ते मला बघवत नाही.

वन्सच्या त्या आरशावरून आमचा वाद झाला होता. त्यांना तो एका खिळ्याला दोरीने लटकवायचा होता, बैठकीच्या डोक्यावर. मी हट्टाने समोरच्या भिंतीवर, चार स्क्रूंनी, भिंतीत गिट्टी ठोकून पक्का करून घेतला. ड्रिल मशीन भाड्याने मिळतं. "तुमचं आपलं किल्लारीचं भ्याव," असं म्हणून त्या हसल्या होत्या. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडे ४.५ चा भूकंप झाला, नांदेडही हललं. सव्वासहाला त्यांचा फोन आला. स्वयंपाकघरातल्या माळ्यावरचा पितळी हंडा खाली आला होता. खाली कुणी नव्हतं. आरसा जागेवर होता. पुढे १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का बसला, तोवर माळा रिकामा झालेला.

म्हणून माझा एक साधा हिशेब असतो. जड ते खाली, हलकं ते वर. माळ्यावर गाद्या, रिकामी सूप-टोपल्या ठेवा, पितळ ठेवू नका. लोखंडी कपाट मागून एल पट्टीने भिंतीला बांधा, आणि ते पडलं तर दार अडेल अशा जागी नको. उशाशी फळी नको. गंमत अशी, की एवढं केलं की खोली दिसायलाही मोठी होते. वरचा पसारा गेला की डोळ्याला छतापर्यंत मोकळी भिंत मिळते. पैसा न लागणारा हा एकच बदल मी सगळ्यांना आधी करायला सांगते आणि सगळेच तो शेवटी करतात.

झाडांचं थोडक्यात. लातूरकरांना २०१६ चा एप्रिल आठवत असेल. १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्यांनी घागरीसाठी रात्र काढली, त्यांना मी हिरवळ लावा असं कधी सांगणार नाही. कोरफड, सदाफुली, तुळस, मनी प्लांट एवढं पुरे, आणि त्यांना तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी. तेलाचे पत्र्याचे डबे तळाला भोकं पाडून चुन्याने रंगवा. तीन डबे एका ओळीत न ठेवता एका कोपऱ्यात एकत्र ठेवा, शोभा येते.

आणि शिकायला आलेली मुलं. 'लातूर पॅटर्न'पायी गावोगावची पोरं इथे एका खोलीत चार-चार राहतात. घरमालक खिळा ठोकू देत नाही. माझा भाचा असाच एका खोलीत होता, भिंतीवर फक्त रसायनशास्त्राचे तक्ते. त्याला त्याच्या आईची एक सुती साडी दिली. दोन बाजांच्या मधे दोरीवर तिचा पडदा झाला. त्याच्या बाजूला एक छोटा टेबललॅम्प. बाकीच्या तिघांनी पुढच्या सुट्टीत आपापल्या घरून साड्या आणल्या. सगळ्यांच्या आयांना वाटलं, पोरगं साडी कशाला मागतंय!

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. दर वर्षी नवरात्राच्या आधी सफेदी होते, त्यात कोनाडा पुसला जातो आणि ती तो पुन्हा काढते. गेल्या दोन वर्षांपासून तिचा हात थरथरतो, म्हणून कमानीची रेघ माझ्याकडे आली आहे. मी काढते आणि ती बाजेवरून सांगते, "डावीकडं जरा वाकडी होती. तशीच कर." या वर्षी तिने पिवडी पाव किलो जास्त मागवली आहे. शेजारणीलाही कोनाडा हवा आहे म्हणे.